‘आज रागावणार नाही’ म्हटलं आणि धुऱ्यावर भांडण झालं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून अडतीस वर्षांच्या ताई लिहितात. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी दोन दिवसांच्या वर्गात त्यांनी रेकीचा, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देण्याच्या जपानी पद्धतीचा, पहिला टप्पा घेतला. तेव्हापासून रोज पहाटे हात जोडून वर्गात मिळालेल्या कागदावरची पाच तत्त्वं म्हणतात: आज मी रागावणार नाही, आज मी काळजी करणार नाही, आज मी आभार मानीन आणि आईवडील, गुरू, वडीलधारे यांचा मान राखीन, आज मी माझं काम प्रामाणिकपणे करीन, आज मी सर्वांशी प्रेमानं वागीन. यंदा पेरणीच्या वेळी चुलत भासऱ्यांनी (नवऱ्याच्या थोरल्या चुलत भावानं) धुरा, म्हणजे बांध, फोडून दोन तास, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, ताईंच्या वावरात पेरले. आठवड्यापूर्वी त्यांच्या मजूर बाया त्याच तासांतला कापूस वेचताना दिसल्या आणि ताईंचा तोल गेला. चारचौघींसमोर भासऱ्यांना त्या नको ते बोलल्या, गावभर झालं. घरधनी म्हणाले, ‘रोज पहाटे हात जोडून हेच शिकली का?’ वर्गातल्या मैत्रिणीचं म्हणणं, रागानं तुझी ऊर्जा अडते, म्हणूनच सासूबाईंचे गुडघे बरे होत नाहीत, तू दुसरा टप्पा घे. ताई विचारतात: त्यासाठी बचतगटातून कर्ज काढू का? की रेकीच सोडू? की धुऱ्याचा नाद सोडू? रात्री पीककर्जाच्या विचारानं झोप येत नाही, आणि ‘हे तर रात्र-रात्र अंगणात बसून राहतात, बोलत नाहीत’, असंही शेवटी एका ओळीत त्यांनी लिहिलं आहे.

ताई, पत्रभर तुम्ही स्वतःलाच दोष दिला आहे. तो दोष ज्या समजुतीवर उभा आहे, ती आधी तपासू. समजूत अशी, की पहाटे ओळ म्हटली म्हणजे दिवसभर राग येऊ नये, आणि आला तर ते म्हणणं वाया गेलं.

आता मूळ ओळी बघा. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली रेकीची संस्था काढली आणि शिष्यांना ही तत्त्वं दिली. त्यांची सुरुवात होते ‘क्यो दाके वा’ या शब्दांनी. अर्थ, आजच्यापुरतं. मग पाच छोटी वाक्यं येतात: रागावू नको, काळजी करू नको, कृतज्ञ राहा, आपलं काम नेटानं कर, माणसांशी दयाळूपणे वाग. आणि त्याखाली सूचना आहे, जी वर्गाच्या कागदावर बहुतेक वेळा छापलेलीच नसते: सकाळ-संध्याकाळ हात जोडून बसा, मनात धरा, तोंडानं म्हणा.

सकाळ-संध्याकाळ. सकाळी म्हटल्यावर माणूस दिवसभर रागावणारच नसता, तर संध्याकाळची बैठक सांगायची गरज काय होती? दिवसात राग येईल, काळजी लागेल, तोंडून वेडंवाकडं जाईल, हे धरूनच संध्याकाळ ठेवली आहे. तुमच्या पत्रात फक्त पहाट आहे. म्हणजे अर्धीच साधना चालू आहे, आणि जो अर्धा भाग सुटला तोच नेमका भांडणाच्या दिवशी उपयोगाचा होता. त्या दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं बसला असता, तर भांडण पुसलं गेलं नसतं, पण ते मनात घोळवत तुम्ही आठ दिवस काढले नसते.

दुसरी समजूत वडीलधाऱ्यांची. भासऱ्यांना बोलले म्हणजे तत्त्व मोडलं, याचं तुम्हाला फार लागलं आहे. आईवडील, गुरू, वडीलधारे यांचा मान राखा हे शब्द उसुईंच्या पाच ओळींत नाहीत. रेकी जपानबाहेर नेली ती हवाईच्या हावायो ताकाता यांनी. उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी यांच्याकडे त्या शिकल्या होत्या. त्यांच्या इंग्रजी शिकवणीतून हा भाग पुढे आला आणि भाषांतरातून आपल्याकडे पोचला. वाईट शिकवण नाही ती. पण मान राखणं म्हणजे वावर सोडून देणं, असा अर्थ ताकाताबाईंच्या कागदातूनही निघत नाही. भासऱ्यांना तुम्ही जे शब्द वापरले ते चुकले असतील. तुम्ही जे म्हणत होता ते चुकलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

हिशोबच करून बघा. तुमचा धुरा सहाशे फूट लांब धरला आणि तासातलं अंतर चार फूट धरलं, तर दोन तास म्हणजे ४,८०० चौरस फूट, जवळजवळ साडेचार गुंठे. पाच एकरवाल्या घराला एवढी जमीन गेली तर राग यायलाच पाहिजे. राग तुम्हाला काहीतरी सांगत होता. अडचण झाली ती त्यानं कुठून वाट काढली तिथे: पेरणीपासून तो आत दाबला, रोज पहाटे त्याच्यावर ‘आज मी रागावणार नाही’ असं झाकण घातलं, आणि वेच्याच्या दिवशी ते झाकण उडालं. तत्त्वं म्हणणाऱ्यांच्या हातून होणारी ही सगळ्यात मोठी चूक आहे. ओळ म्हणताना दात आवळलेले, खांदे वर चढलेले, आणि मनात म्हणणं चालू. तसा राग जिरत नाही. तो मग लेकरांवर निघतो, बैलांवर निघतो, नाहीतर चारचौघींसमोर निघतो.

म्हणून ओळीचा अर्थ थोडा खाली उतरवून घ्या. ‘आज राग आला तर तो जिभेवर यायच्या आधी मी त्याला ओळखीन.’ एवढंच. राग जिभेवर येण्याआधी अंगात येतो. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा घट्ट होतो, कोणाचा श्वास छातीतच अडकतो. तुमचं काय होतं ते चार दिवस फक्त बघा. खूण कळली, की त्या क्षणी तीन गोष्टी: तळपाय जमिनीवर घट्ट टेकवा, जबडा सैल सोडा, आणि श्वास घेताना जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो सोडायला लावा. असे चार-पाच श्वास. उच्छ्वास लांबला की काळजाचे ठोके हळू व्हायला लागतात. ते शरीराचंच काम आहे, त्यासाठी वेगळी शक्ती लागत नाही. आणि उपाशीपोटी वावरात जाऊ नका. घरचं सगळं आटोपून न्याहारी न करताच तुम्ही निघता असं पत्रावरून दिसतं. दहा वाजेपर्यंत पोटात काही नसलेल्या माणसाला कुठलंच तत्त्व आठवत नाही. भाकर-ठेचा खाऊन निघा.

तोंडात एक वाक्य आधीच तयार ठेवा. ऐन वेळी सुचत नाही, म्हणून रात्रीच ठरवा. ‘दादा, हे आपण मोजणीवर ठरवू.’ भासऱ्यांशी थेट बोलायची तुमच्या घरात रीत नसेल, तर हेच वाक्य घरच्यांनी बोलावं. एवढं म्हणायचं आणि धुऱ्यावरून निघून यायचं. दुसरं वाक्य निघालं की भांडण सुरू झालंच.

आणि मोजणी खरंच करा. हेच तुमच्या रागाचं योग्य काम आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्यायचा. तो ऑनलाइनही भरता येतो. चालू सातबारा, गट नंबर, चारही बाजूंच्या लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते, आणि मोजणी फी भरल्याची पावती लागते. सातबारावर ज्यांचं नाव आहे त्यांचाच अर्ज चालतो, तेव्हा नावं कोणाकोणाची आहेत ते आधी बघून घ्या. कित्येक घरांत सासऱ्यांच्या पश्चात वारसांची नोंदच झालेली नसते आणि अर्ज तिथेच अडतो. फी क्षेत्रावर आणि मोजणी किती लवकर हवी यावर ठरते. नियमित मोजणी पुरेशी आहे, कारण उभ्या पिकात मोजणी त्रासाचीच असते. तूर निघून वावर मोकळं होईपर्यंत तारीख आली तर उत्तम. तारखेची नोटीस भासऱ्यांनाही जाते. त्या दिवशी त्यांनी हजर राहावं म्हणून घरच्यांनी जाऊन तोंडी सांगावं; नोटीस परस्पर हाती पडली की माणूस चिडतो. भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो, मग नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती प्रत जपून ठेवा आणि खुणांवर दोन्ही घरांसमोर दगड रोवा. त्याआधी गावच्या तंटामुक्ती समितीपुढे विषय ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण हातात नकाशा नसताना समितीही अंदाजानंच बोलते. यंदाच्या दोन तासांतल्या कापसावरून मात्र भांडू नका. मोजणी होईपर्यंत तो त्यांना वेचू द्या. ज्यानं पेरलं, फवारलं, त्याचा यंदाचा माल; जमीन कोणाची ते नकाशा सांगेल. असं केलं तर पुढच्या पेरणीआधी प्रश्न मिटण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आता बैठकीबद्दल, कारण तुमच्या बसण्यातच दोन-तीन गोष्टी बिघडलेल्या दिसतात. अर्धा तास बसता, डोळा लागतो, खांदे दुखतात, असं तुम्ही लिहिलं आहे. वेचणीच्या दिवसांत अर्धा तास कशाला? सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. भिंतीला पाठ टेकून, किंवा बाजेच्या काठावर पाय खाली सोडून बसा. तळहात छातीसमोर जोडायचे; वर्गात याला गाशो म्हणतात, आपला नमस्कारच. कोपरं अंगाला लागून सैल ठेवा, हवेत उचलून धरली की खांदे भरून येतात. दिवसभर वेचून बोटांची टोकं वाळक्या बोंडांनी टोचलेली असतात, चिरा पडलेल्या असतात. असे हात दाबून जोडले तर लक्ष सगळं जळजळीकडेच जातं. आधी कोमट पाण्यानं धुवा, खोबरेल चोळा, आणि दोन्ही तळव्यांमध्ये एखादं लिंबू मावेल एवढी पोकळी राहू द्या. लक्ष ठेवायचं ते दोन्ही मधली बोटं जिथे एकमेकांना टेकतात त्या ठिकाणी. मन भटकलं की बोटं एकदा हलकेच दाबायची आणि पुन्हा तिथे यायचं. दोन मिनिटं असं बसून मग ओळी म्हणा, तीनदा, तोंडानं, कानाला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मनातल्या मनात म्हटल्या की चौथ्या दिवशी त्या पाढ्यासारख्या पळायला लागतात.

आणि कागदावरची ती पुस्तकी मराठी सोडून द्या. तुमच्या घरच्या बोलीत म्हणा. ‘आजच्या दिवस राग नाई धरत. आजच्या दिवस जिवाले घोर नाई लावत. भेटलं त्याचं मोल ठेवतो. हातचं काम मन लावून करतो. मानसाशी मानसासारखं वागतो.’ जपानी उच्चारानं काही जास्त मिळतं असं नाही. आपल्या जिभेवर बसलेला शब्द वेळेला लवकर आठवतो.

संध्याकाळच्या बैठकीत ओळी म्हणायच्या आधी दिवस एकदा डोळ्यांखालून घालायचा. राग कुठे आला, अंगात कुठे कळला, तोंडून काय गेलं. निकाल लावायचा नाही. कोणाला लागेल असं बोलला असाल तर उद्या काय करता येईल ते एक ठरवायचं आणि मग ‘आजच्या दिवस’ म्हणून दिवस बंद करायचा. घरच्यांना हे परक्याचं वाटत असेल, तर एवढं सांगून बघा: सकाळी ध्यान आणि संध्याकाळी प्रार्थना, ही बैठक तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून विदर्भातल्या गावोगाव पोचवली आहे. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथे जाऊन बसलात आणि पाच ओळी तिथेच मनात म्हटल्या, तरी संध्याकाळ साधली.

काळजीची ओळ जास्त अवघड आहे. जपानीत काळजीसाठी जो शब्द आहे, ‘शिम्पाई’, त्यातल्या दोन चिन्हांचा अर्थ मन आणि वाटणं. मन वाटलं जातं, तुकडे होऊन दहा ठिकाणी जातं. तुमच्या रात्रीचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही: एक तुकडा बँकेत, एक धुऱ्यावर, एक ओल्या कापसात, एक सासूबाईंच्या गुडघ्यात. त्याला ‘काळजी करू नको’ म्हणून उपयोग होत नाही. ते तुकडे कागदावर गोळा करावे लागतात. लेकराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला आज हात पोचतो ते, दुसऱ्या बाजूला आज हात पोचत नाही ते. भाव किती लागेल, पाऊस येतो का, हे दुसरीकडे जाईल. पहिल्या बाजूला जे उतरेल त्यातलं एकच काम उद्यासाठी निवडा आणि त्याच्यापुढे वेळ लिहा. पीककर्जाचं पहिलं काम म्हणजे बँकेत किंवा सोसायटीत जाऊन दोन गोष्टी लिहून आणणं: आजच्या तारखेला एकूण किती भरायचं आहे, आणि मुदतीची शेवटची तारीख कोणती. तुमच्या पत्रात आकडा नाही, तारीखही नाही, नुसतं ‘कर्ज’ आहे. आकडा माहीत नसलेलं कर्ज रात्री अंधारात वाढत जातं. मुदतीत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते, तेव्हा त्या तारखेला प्रत्यक्ष पैशाची किंमत आहे. हे सगळं दिवसा, उजेडात करा. अंथरुणावर पडल्यावर हिशोब आठवला तर ‘वहीत आहे’ एवढंच म्हणायचं आणि हात पोटावर ठेवून श्वास सोडायचा.

कामाच्या ओळीबद्दल. ‘ग्यो ओ हागेमे’ म्हणजे आपल्या कामात कसून मेहनत कर. प्रामाणिक रोजी हा शब्द भाषांतरात पुढे आला. कास्तकाराला दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि ही ओळ पाचांतली सगळ्यात सोपी आहे, कारण ती हातानं करता येते. सकाळचं दव पडलेलं असताना वेचू नका, ऊन चढून बोंडं कोरडी झाल्यावर वेचा. अवकाळीत भिजलेला कापूस वेगळा वेचा, ओसरीत पातळ पसरून वाळवा, सुक्या ढिगात मिसळू नका. कवडी (किडका, डागी) कापूस वेगळा, पालापाचोळा वेगळा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांवर पूर्ण हमीभाव, बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्यापुढे माल परत. वजन वाढावं म्हणून गाठोड्यावर पाणी शिंपडणारे आहेतच. आत गरम होऊन पिवळा पडलेला कापूस आणि परत आलेली गाडी, दोन्ही त्यांच्याच पदरात पडतात. हे तत्त्व तुम्ही आधीपासून पाळत असाल. पहाटे म्हणताना त्याचं श्रेय स्वतःला द्यायला मात्र विसरत असाल.

आभाराची ओळही तशीच. झालेलं नुकसान गोड मानून घेणं म्हणजे कृतज्ञता नव्हे, तेव्हा भिजलेल्या कापसाबद्दल आभार मानायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या वेच्याला वावरात सीतादही करता, दहीभाताचा नैवेद्य दाखवता. कृतज्ञता म्हणजे काय ते तुमच्याकडे आधीच आहे. रोजच्यासाठी ती मजूर बायांच्या काट्यावर आणा. ओटीतला कापूस मोजताना काटा त्यांना दिसेल असा धरा, आकडा मोठ्यानं म्हणा, शक्य असेल तर मजुरी त्याच संध्याकाळी द्या. त्या दिवशी ज्यांच्यासमोर भांडण झालं त्या बाया भासऱ्यांच्या असल्या तरी आपल्याच गावच्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी भेटली तर ‘त्या दिवशी तुम्हाला उगाच ऐकावं लागलं’ एवढं म्हणा.

सासूबाईंच्या गुडघ्यांवर आणि तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्यावर मला जरा ठामपणे सांगायचं आहे. तुमच्या रागामुळे त्यांचे गुडघे दुखत नाहीत. रेकी शिकवणारेही हेच सांगतात, की देणारा फक्त वाट असतो, ऊर्जा त्याची नसते. मग देणाऱ्याच्या भांडणाचा हिशोब घेणाऱ्याच्या गुडघ्यावर कसा लागेल? सत्तरीला टेकलेल्या, आयुष्यभर उकिडवं बसून सारवण, चूल, निंदण केलेल्या बाईच्या गुडघ्यातली कूर्चा झिजते. ती झीज हात ठेवून भरून येते याला वैद्यकीय आधार नाही. हात ठेवू नका असं मी म्हणत नाही. दहा-पंधरा मिनिटं लेकीसारखी सून जवळ बसते, कोमट हात गुडघ्यावर असतो, दोघी बोलता. त्यानं त्यांना बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खरं आहे. त्याच्या जोडीला हे करा: बाजेवर बसवून एक पाय समोर सरळ ताठ करायला लावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. प्रत्येक पायाचं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. उकिडवं बसणं बंद, स्वयंपाकाला उंच ओटा, संडासात खुर्ची. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा दाखवून घ्या. गुडघा लाल होऊन सुजला, तापला, अंगात ताप आला तर त्याच दिवशी न्या. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ती रेकीच्या भरवशावर एक दिवसही थांबवायची नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांसाठी: साप चावला, फवारणीची बाधा झाली, छातीत दुखलं, तर हात ठेवत बसायचं नाही. गाडी काढायची, नाहीतर १०८ ला फोन करायचा.

दुसऱ्या टप्प्यासाठी कर्ज काढू नका. त्या टप्प्यात चिन्हं आणि दूरवर रेकी पाठवणं शिकवतात. तुम्हाला अडचण आहे ती पाच ओळी जगण्याची, आणि त्यांना दीक्षा लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, फी तर नाहीच. बचतगटाचं कर्ज व्याजानं फेडायचं असतं. काळजी कमी व्हावी म्हणून काळजी विकत घेण्यासारखं होईल ते. पुढे कधी हातात पैसा असताना शिकावंसं वाटलं तर शिका. मात्र ‘पुढचा टप्पा घेतला नाही म्हणून अडलं’ असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडे शिकू नका.

आता तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ. घरचे रात्र-रात्र अंगणात बसतात, बोलत नाहीत. ताई, हे मला धुऱ्यापेक्षा मोठं वाटतं. त्यांना पाच तत्त्वं सांगायला जाऊ नका. काळजीनं पिचलेल्या माणसाला ‘काळजी करू नका’ म्हटलं की तो आणखी एकटा पडतो. बाजूला जाऊन बसा. काही वेळ गप्प बसा. मग सरळ विचारा: झोप किती दिवसांपासून नाही, जेवण का जात नाही, जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कोणीतरी आहे हे कळून माणूस बोलता होतो. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. ‘नाही’ म्हणाले पण झोप आणि बोलणं दोन आठवडे असंच असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यांनी लावला नाही तर तुम्ही लावा. फवारणीच्या औषधांचे डबे घरात किंवा कोठ्यात उघडे असतील तर आजच्या आज कुलपात घाला आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. वहीच्या पानावर पहिल्या बाजूला सगळ्यात वर हे लिहा. बँकेचा आकडाही त्यांच्यासोबत जाऊन आणा, म्हणजे तो एकट्याच्या डोक्यावर राहणार नाही.

राहिली दयेची ओळ. भासऱ्यांवर प्रेम उतू जायला हवं असं काही नाही. मोजणी होईपर्यंत जावेशी चालू असलेली देवाणघेवाण तोडू नका, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत पाठ फिरवू नका, आणि लेकरांना या भांडणात ओढू नका. त्या दिवशीच्या शब्दांबद्दल जावेजवळ एकदा म्हणा: ‘बोलणं चुकलं माझं. धुऱ्याचं मोजणीत पाहू.’ दोन्ही वाक्यं एका दमात म्हणा, नाहीतर माफीचा अर्थ धुरा सोडला असा निघेल. मोजणीच्या दिवशी थर्मास मोठा न्या. भूकरमापकाला, त्याच्या माणसांना आणि धुऱ्याच्या पलीकडे उभे असतील त्यांनाही चहा द्या, खुणांचे दगड रोवून झाल्यावर.